गुणपत्रिकेत नसलेला रकाना

पिंपळवंडी परिसरातील पालक आम्हां शिक्षकांना एकच प्रश्न विचारतात : "गुरुजी, टक्के किती पडतील?" प्रश्न रास्त आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्ञान नाकारल्या गेलेल्या समाजाला गुणपत्रिका ही सनदच वाटणार. परंतु एवढ्यावर नेतृत्व घडत नाही.

बाबासाहेबांजवळ कोलंबिया व लंडनच्या पदव्या होत्या. तरी २० मार्च १९२७ रोजी हजारोंना चवदार तळ्यावर शिस्तीने नेणारी बुद्धी कोणत्याही परीक्षेने मोजलेली नव्हती. पुढे संविधान सभेत मसुद्यावर २,४७३ दुरुस्त्या प्रत्यक्ष मांडल्या गेल्या; त्यांना उत्तरे देताना विद्वत्तेइतकाच संयम लागला. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात तर त्यांनी बी. एन. राव व एस. एन. मुखर्जी यांना श्रेयाचा वाटा दिला. प्रज्ञेला शीलाची जोड असावी, ती अशी.

आपल्या जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांतही धान्यव्यापारी, बांबूकाम करणारे व कासार यांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. हातांचे कसब आणि परस्परांवरील विश्वास यांवाचून श्रेणी उभी राहत नाही.

वसतिगृहात आजारी मित्राच्या उशाशी रात्रभर बसणारा, पंगतीतले भांडण शब्दाने मिटवणारा विद्यार्थी आम्ही रोज पाहतो. पण त्याच्यासाठी आमच्या गुणपत्रिकेत रकाना नाही. हा दोष आमचाच. माजी विद्यार्थ्यांनी शाळेत यावे आणि नोकरीत टक्के कोठवर पुरले, पुढे काय कामी आले, हे मुलांना सांगावे. तो रकाना आपण मिळून भरू.

जय भीम!