चार ग्रॅमचा घोळ

ताईकडे एडिसनला, म्हणजे न्यू जर्सीत, तीन आठवडे राहून आले. मॉल झाले, नायगरा झाला, फोटो काढून हात दुखले. पण डोक्यात बसलाय तो जिजूचा एक डॉलर. नोट नाही हो, नाणं. चांदीचं, १७९९ सालचं.

जिजू आठवडाभर कोड लिहितो आणि वीकेंडला जुनी अमेरिकन नाणी बघत बसतो. टिपिकल छंद नाही, मान्य. पण त्याच्या गोष्टी सॉलिड असतात. १७९४ मध्ये फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने पहिले चांदीचे डॉलर पाडले, तेव्हा एवढ्या मोठ्या नाण्याला पुरेसा दाब देणारं यंत्रच त्यांच्याकडे नव्हतं. छोट्या नाण्यांच्या यंत्रावर कसंबसं भागवलं, एका बाजूचा ठसा पुसट आला. बाहेर पडले जेमतेम १,७५८. त्यातला एक २०१३ मध्ये एक कोटी डॉलरच्या वर गेला! आपल्याकडे प्रिंट पुसट आली तर बॉस कागद फेकून देतो.

त्याहून भारी १८०४चा डॉलर. हा १८०४ मध्ये पाडलेलाच नाही. त्या वर्षी डॉलर निघाले, पण जुन्याच सालाच्या ठशांनी. मग १८३४ मध्ये अमेरिकेला मस्कतचा सुलतान आणि सयामचा राजा यांना नाण्यांचे संच भेट द्यायचे होते. टांकसाळीने जुनं दफ्तर उघडलं, शेवटचे डॉलर १८०४चे दिसले, आणि तेच साल घालून नवे पाडले. पुढे टांकसाळीतल्याच काही जणांनी गुपचूप आणखी काही पाडून घेतले. आज मोजकेच माहीत आहेत. मस्कतच्या सुलतानाच्या नावाने ओळखला जाणारा २०२१ मध्ये ७६ लाख ८० हजार डॉलरला गेला. आणि ही भेट घेऊन निघालेलं ‘पीकॉक’ जहाज वाटेत खडकावर आदळलं, ते मस्कतनंतर दुरुस्तीला कुठे आलं? आपल्या मुंबईत!

जिजूचा १७९९चा डॉलर मात्र असा दुर्मिळ नाही. त्या सालाचे चार लाखांच्या वर नोंदले आहेत, त्यामुळे पगारदार माणसाच्या आवाक्यात येतो. त्याने बाराशे डॉलर मोजले होते. त्या वर्षी ते दोघं दिवाळीला आले नव्हते, तिकिटं महाग आहेत म्हणून. ताई तेव्हा वैतागली होती. आता तीच पाहुण्यांपुढे डबी उघडते, ‘मुलीच्या शिक्षणाला होईल’ म्हणते.

आता माझा आगाऊपणा. कॉलमसाठी वाचत होते, त्यात आलं की या डॉलरचं वजन २७ ग्रॅमच्या आसपास हवं आणि कडेवर इंग्रजी अक्षरं हवीत. रात्री पाणी प्यायला उठले, तर ओट्यावर ताईचा केकचा वजनकाटा. ठेवलं नाणं. २३. वापरून झिजलं म्हणावं, तर झिजून चार ग्रॅम जात नाहीत. कडेवर नुसत्या रेघा. मी तशीच उभी.

सकाळी ताई आंघोळीला गेल्यावर जिजूला सांगितलं. तो चहा ढवळत राहिला. “माहितीये मला. दोन वर्षं झाली.” तपासून सीलबंद केलेलं नाणं महाग होतं, म्हणून त्याने एका प्रदर्शनात सुटं घेतलं होतं. मग तपासायला पाठवलं, तर खोटं निघून परत आलं. विकणारा परत दिसलाच नाही. “तिला सांगणारच होतो गं. तेवढ्यात तिनेच लोकांना दाखवायला सुरुवात केली.”

एअरपोर्टवर ताईने विचारलं, “डॉलर बघितलास ना नीट?” मी म्हटलं, “बघितला.”

इथे आल्यावर जिजूला फोन केला, की यावर लिहू का. तो म्हणाला, दोन आठवडे दे, आधी मी बोलतो तिच्याशी. रविवारी बोलला. त्याच्यावर ती रागावली अर्धा दिवस. संध्याकाळी दोघं पिझ्झा खायला गेले म्हणे.

माझा फोन अजून उचलत नाहीये. फक्त एक एसेमेस आलाय: ‘तुला माहीत होतं?’