पाणी ओतणं म्हणजे दुरुस्ती नव्हे

लडाखमध्ये अनेक जुन्या जिप्सींत मागे पाण्याचा कॅन असतो. सकाळच्या फर्स्ट परेडला कूलंट कमी दिसलं की पाणी ओतायचं आणि निघायचं. माझ्या मते ही सवय घातक आहे. निम्मं कूलंट, निम्मं पाणी हे मिश्रण उणे ३५ अंशांपर्यंत टिकतं. रोज पाणी घातलं की ते पातळ होतं. मग एखाद्या रात्री ते गोठतं, फुगतं आणि इंजिनचा ब्लॉक तडकू शकतो.

गळती शोधायला फार काही लागत नाही. इंजिन थंड असताना रेडिएटरला हातपंप लावा आणि झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकीच हवा भरा. काटा उतरला, तर होजचे क्लॅम्प, वॉटर पंपाखालचं छिद्र, रेडिएटरचे सांधे तपासा. वाळलेले रंगीत डाग वाट दाखवतात. पायाशी ओल असेल, तर हीटरची जाळी बघा. बाहेर थेंबही नाही आणि ऑइल दुधाळ झालंय? मग बहुधा हेड गॅस्केट गेलंय. गाडी हलवू नका.

क्लॅम्प स्वस्त असतो. पण खिंडीत इंजिन बंद पडलं की आतल्या जवानांचा हीटरही बंद पडतो.