क्षय बरा झाला, कफाचे काय?

क्षयाची औषधे संपली, थुंकीचा अहवाल निगेटिव्ह आला, की सरकारी नोंदीत रुग्ण 'बरा' होतो. अनेकांची धाप आणि रोजचा बेडका मात्र सुटत नाही. क्षयाने इजा झालेल्या श्वासनलिका कायमच्या रुंदावतात. त्यांत साचलेला कफ आपोआप वर येत नाही, तिथे जंतू वाढतात आणि संसर्ग पुन्हा पुन्हा उलटतो. हाच ब्रॉन्किएक्टॅसिस. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय पाहणीत या आजाराच्या 2195 रुग्णांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जणांच्या दुखण्याचे मूळ क्षयात होते.

यावरचा एक मोलाचा उपाय स्वस्त आहे: कफ बाहेर काढण्याची फिजिओथेरपी. सावकाश खोल श्वास, क्षणभर थांबणे, मग आरशावर वाफ धरावी तसा, पण जोर लावून, उघड्या तोंडाने उच्छ्वास. नीट शिकवले तर रुग्ण हे घरीच करतो. शिकवणारा मात्र हवा; थुंकीतून रक्त पडत असताना काय टाळायचे, तेही त्यानेच सांगायचे. प्रत्यक्षात अनेकांच्या हाती खोकला दाबणारी बाटली पडते आणि कफ आतच राहतो.

उपचार चालू असताना पोषणासाठी क्षयरुग्णाला महिना 1000 रुपये मिळतात, ते योग्यच आहे. उपचारानंतरच्या श्वासाचीही तितकीच काळजी घ्यायला हवी. राज्याच्या आरोग्य विभागाने प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात छातीचे व्यायाम शिकवणारा फिजिओथेरपिस्ट द्यावा आणि धाप, कफ उरलेल्या रुग्णाला त्याच्याकडे पाठवल्याशिवाय क्षयाची फाइल बंद करू नये.