डिक्कीवरचं नाव

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अकोल्याहून एक जुनी गाडी घेतली. 2011 सालची, लाल, छोटी. इंजिन ठीक, टायर बरे, सीटा कुठे फाटलेल्या नाहीत. डिक्कीच्या झाकणावर पिवळ्या रेडियममध्ये एका मुलीचं नाव. व्यवहार ठरला, चहा झाला, किल्ली हातात आली. गाडी विकणारे काका तेव्हा गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले. म्हणाले, "ताई, बाकी सगळं धुऊनपुसून देलं तुम्हाले. हे नाव तेवढं तुम्हीच काढा. माह्यानं नाई होत."

नाव त्यांच्या लेकीचं. गाडी त्यांच्या दारात आली तेव्हा ती नववीत होती. रेडियमच्या दुकानात बसून अक्षराचं वळण तिनंच पसंत केलं होतं. तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन ती नाशिकला गेली. मी "काढते" म्हणाले आणि निघाले. ते नाव मी इथे लिहीत नाही, पण पुढचे पंधरा दिवस त्यातल्या प्रत्येक अक्षराशी माझी ओळख झाली.

रेडियम हा आपल्याकडचा हक्काचा शब्द. 'रेडियम कटिंग'च्या पाट्या अकोल्यात दिसतात तशा अमरावतीतही दिसतात. त्यात रेडियम कणभर नसतं. असतो तो रंगीत पीव्हीसीचा पापुद्रा आणि त्याच्या पाठीला चिकटा. रात्री चमकणारी जात असेल तर त्यात काचेचे अगदी बारीक मणी बसवलेले असतात, समोरून आलेला उजेड ते आल्या वाटेनं परत पाठवतात. वऱ्हाडातल्या रस्त्यांवर मी गाड्या वाचत जाते. शेगावचे गजानन महाराज, गाडगेबाबांचा खराटा, 'जय गुरुदेव', निळ्या अक्षरांतलं 'जय भीम', शिवरायांची मुद्रा, 'आईची पुण्याई' आणि लेकरांची नावं. हे लिखाण मला मनापासून आवडतं. हप्ते फेडून घेतलेल्या वस्तूवर माणूस स्वतःचं नाव क्वचितच टाकतो, जिवाच्या माणसांचं टाकतो. मग एक दिवस गाडी विकली जाते आणि ते नाव खरवडायचं काम कुणा परक्याकडे येतं. म्हणून ते नीट व्हावं असं मला वाटलं.

अकोला ते अमरावती शंभरेक किलोमीटर. बोरगाव मंजू, मूर्तिजापूर, बडनेरा. याच राष्ट्रीय महामार्ग 53 वर जून 2022 मध्ये 75 किलोमीटरचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत सलग टाकला गेला आणि गिनेस बुकात त्याची नोंद झाली. घरी येऊन पाहिलं तर दारांच्या खालच्या कडांना डांबराचे जुने ठिपके होतेच. डांबर आणि स्टिकरचा चिकटा एकमेकांचे नातेवाईक म्हणावेत असे वागतात. दोन्ही खरं तर अतिशय घट्ट द्रव. थंडीत दगड, उन्हात मऊ.

हे एकदा कळलं की निम्मं काम कळलं. फेव्हिकॉल वाळून धरतो. स्टिकरचा चिकटा वाळत नाही, तो ओला राहूनच धरतो. पहिल्या आठवड्यात तो रंगावर नुसता टेकलेला असतो, मग वर्षानुवर्षं रंगाच्या बारीक खाचांत उतरत जातो. कालचा स्टिकर सुटा येतो आणि चौदा वर्षांचा येत नाही, ते यामुळे. त्यात आपलं ऊन. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात घातलेली द्रव्यं हळूहळू निघून जातात, पापुद्रा आकसतो, करपलेल्या पापडासारखा तडकतो. खालचा चिकटाही ऊन आणि हवा लागून राठ होतो.

पहिल्या दिवशी सकाळी सात वाजता मी 'ई'च्या वेलांटीला नख लावलं. गव्हाच्या दाण्याएवढा तुकडा हातात आला. तासाभरात एक वेलांटीही झाली नाही. भाजी चिरायची सुरी घ्यावी असं दोनदा मनात आलं. घेतली नाही याचं आज समाधान आहे, कारण पत्र्यावरचे रंगाचे सगळे थर मिळून जाडी भरते 100 ते 120 मायक्रॉन, म्हणजे वहीच्या एका कागदाएवढी. त्या कागदावर सुरी चालवायची असते का? मागच्या काचेवर ब्लेड चालतं, कारण काच ब्लेडला दाद देत नाही. रंग देतो. (काचेवर महाराजांचं चित्र होतं. ते मी काढलं नाही.)

दुपारी बारा वाजता पुन्हा बाहेर आले. पारा चाळिशीला टेकलेला, लाल पत्र्यावर हात ठेववत नव्हता. परगावचे लोक यासाठी हेअर ड्रायर वापरतात, गॅरेजवाले हीट गन. अमरावतीत मार्च संपता संपता ती सोय देवानं केलेली असते. तेच नख तिथंच लावलं आणि वेलांटी उचलली गेली. मग जुन्या एटीएम कार्डाची कड खाली सरकवत, पापुद्रा वर न ओढता मागे दुमडून, पत्र्याला लगटून, सावकाश ओढत गेले. हिसका दिला की तुकडा पडतो. हात संथ ठेवला की अख्खं अक्षर येतं. तीन दुपारींत नाव निघालं. अक्षरांच्या जागी मात्र त्याच आकाराचा पिवळट, मळकट चिकटा उरला. बोट लावलं की बोट धरून ठेवणारा.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिचा मला फार राग आला होता. मागच्या उजव्या दारावर कुठल्याशा निवडणुकीतला पक्षाचा स्टिकर अर्धवट फाडलेला होता. तो काढून घ्यावा म्हणून मी गाडी एका वॉशिंग सेंटरवर नेली. तिथल्या मुलानं फडक्यावर थिनर ओतलं आणि दारावर घासलं. दोन मिनिटांत रंग सुरकुतला, दुधावरच्या सायीसारखा गोळा होऊन सरकला. ते दार कधीतरी ठोकलं गेलं होतं आणि गावात रंगवलेलं होतं. कारखान्यातला रंग सुमारे 140 अंशांच्या भट्टीत भाजून पक्का झालेला असतो, तो थिनरचा एखादा हात सोसतो. जुन्या पद्धतीचा हवेवर वाळवलेला रंग थिनरमध्ये पुन्हा विरघळतो, कारण तो मुळात थिनरमध्येच कालवलेला असतो. गाडी दुसऱ्या हातची असली की कोणतं दार कुठे रंगवलंय हे कळत नाही. म्हणून काहीही लावायचं असेल तर आधी दार उघडून आतल्या, न दिसणाऱ्या कडेवर लावून बघायचं. प्लास्टिकच्या बंपरला आणि दिव्यांना तर थिनर दाखवायचंही नाही. त्या मुलाला हे कुणीच सांगितलेलं नव्हतं. वीस वर्षांचा असेल. हातात थिनरची बाटली देणाऱ्यानं सोबत एवढी माहिती दिली असती तर माझं दार वाचलं असतं, आणि रागाच्या भरात माझ्याकडून त्याचा अपमानही झाला नसता.

मोटारसायकलवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. बऱ्याच गाड्यांच्या टाकीवरची नक्षी वरच्या पारदर्शक लॅकरच्या खाली असते. नख फिरवून पाहा. कड लागली नाही तर ती नक्षी निघणारी नाही. तिला सोडून द्या.

रंगाला न दुखावता सुटणारा चिकटा हवा, ही गरजही गाड्या रंगवणाऱ्यांचीच. अमेरिकेत 1920च्या दशकात दुरंगी मोटारींची हौस आली. एक रंग झाकून दुसरा मारायचा, तर लावलेला कागद काढताना खालचा ताजा रंगच उचकटून यायचा. ही तारांबळ पाहून सँडपेपर बनवणाऱ्या थ्रीएम कंपनीतल्या रिचर्ड ड्र्यू या तरुणानं 1925 मध्ये मास्किंग टेप तयार केली. ती आजही आपल्याकडच्या प्रत्येक डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानात लटकलेली दिसते. घट्ट धरणारा चिकटा मिळतच होता. वेळ आल्यावर सोडणारा शोधावा लागला.

आता माझा चिकटा. शेजारच्या काकू म्हणाल्या, जवसाचं तेल लाव. घरात होतं, पण ते लावायचं नाही. जवसाचं तेल हवेत वाळून त्याची साय धरते, चित्रकार शेकडो वर्षं त्यात रंग कालवत आले ते त्याच गुणामुळे. गाडीवर ते राहिलं तर एक चिकटा काढताना दुसरा बसायचा. सरकीचं तेलही थोडं त्याच वळणाचं. खोबरेल वाळत नाही. खोबरेलात कापूस भिजवून ठेवला, वर प्लास्टिक पसरलं. अर्ध्या तासानं कडा सुटल्या, मधला भाग ढिम्म. डांबराचे ठिपके घासलेटनं गेले, पण घासलेट आता मिळवावंच लागतं.

त्याच आठवड्यात वरुडच्या मावसभावानं संत्र्यांची पेटी पाठवली. मृग आणि आंबिया या संत्र्याच्या दोन मुख्य बहारांपैकी मृगाची शेवटची फळं. दुपारी ओट्यावर संत्रं सोलताना सालीचा फवारा डोळ्यात गेला आणि मला लहानपणीचा खेळ आठवला. आम्ही दिव्याच्या ज्योतीवर साल पिळायचो, चटचट ठिणग्या उडायच्या. फुग्यावर पिळली की फुगा फुटायचा. सालीत तेल असतं. त्यातला नव्वद टक्क्यांहून अधिक भाग लिमोनिन नावाच्या द्रव्याचा, आणि ते रबरासारख्या चिकट पदार्थांना ढिलं करतं. बाजारात चिकटा काढण्याच्या महागड्या बाटल्या मिळतात, त्यातल्या कित्येकांत हेच असतं. वरुड-मोर्शीच्या बागांतून दरवर्षी किती साली उकिरड्यावर जातात! आपल्या संत्र्याचं आपण गोडीवरून मोल करतो आणि सालीचा विचारच करत नाही, ही हळहळ मला त्या दिवसापासून लागून राहिली आहे.

गाडी सावलीत घेतली. पापुद्रा सोलायला ऊन लागतं, चिकटा पुसायला सावली, कारण तापल्या पत्र्यावर लावलेलं काहीही काम करण्याआधी उडून जातं. आधी दाराच्या आत लावून पाहिलं, रंगाला काही झालं नाही. मग ताज्या सालीची बाहेरची बाजू अक्षरावर दाबून चोळली, वर प्लास्टिक, दहा मिनिटं. चिकटा मऊ होऊन शेवयांसारखा गुंडाळत आला. एका अक्षराला तीन-चार संत्र्यांची साल लागली. घरभर संत्री खाऊन झाली, शेजारी वाटून सालं परत मागितली. शेवटी साबणाच्या पाण्यानं सगळं धुऊन काढलं, तेलकटपणा राहिला तर त्यावर धूळ बसते. हात फिरवला. पत्रा काचेसारखा गुळगुळीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिरप्या उन्हात गाडी पाहिली तर नाव तिथेच.

चौदा वर्षं उन्हानं सगळी डिक्की फिकट केली होती. लाल रंग तसाही लवकर विटतो. फक्त अक्षरांच्या खालचा रंग झाकलेला राहिला, गाडी शोरूममधून निघाली त्या दिवशीचा. पिवळं रेडियम गेलं आणि त्याच वळणात गडद, ताजं लाल नाव वर आलं. गॅरेजवाले म्हणाले, रबिंग मारा, एकसारखं होईल. एका कोपऱ्यात मारून पाहिलं. फडक्यावर लाल रंग आला. काही साध्या रंगांवर वरचा पारदर्शक थर नसतोच, रबिंग केलं की खुद्द रंगच झिजतो. कागदाएवढ्या जाडीतला किती घासायचा? मी फडकं घडी करून ठेवून दिलं.

दोन आठवड्यांनी काका गाडीच्या कागदांवर सह्या करायला अमरावतीला आले. आधी अंबादेवीचं दर्शन घेऊन मग घरी. फाटकातच थांबले. डिक्कीपाशी गेले, झाकणावर बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"हाताले लागत नाई," ते म्हणाले. "पन दिसते."

मी रबिंगचं सांगितलं, रंग झिजेल म्हणून ठेवलं असं म्हणाले. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं विचारलं, "गम कायनं काढला जी, एवढा साफ?"

"संत्र्याच्या सालीनं."

पातूरकडे त्यांच्या भावाची बाग आहे. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "मृगाचा संत्रा का आंबियाचा?"

"मृगाचा."

त्यांनी मान हलवली, खिशातून चष्मा काढला आणि सही कुठे करायची ते विचारलं.