वर्दळच नाही, मग महामार्ग कशाला? भाईंदरच्या खाडीपासून समृद्धी महामार्गापर्यंत

विरळ वस्तीच्या मुलखातून द्रुतगती महामार्ग न्यावा की नाही, हा वाद पेटला की एक उत्तर ठरलेले असते : “आधी रस्ता होऊ द्या, वर्दळ आपोआप येईल.” या उत्तराच्या पुष्ट्यर्थ मीरा-भाईंदरचे उदाहरण हटकून दिले जाते. ते वरवर पटणारे आहे, म्हणूनच ते नीट तपासले पाहिजे.

२८ नोव्हेंबर १८६४ रोजी बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची गाडी गुजरातहून थेट मुंबईत, ग्रँट रोडपर्यंत आली. त्यासाठी भाईंदर आणि नायगाव यांच्यामध्ये वसईची खाडी ओलांडावी लागली. त्या काळचे भाईंदर म्हणजे मिठागरे, कोळीवाडे, भातखाचरे. घोडबंदर तेवढे जुने बंदर. घोड्यांच्या व्यापारावरून त्याचे नाव पडले असे सांगितले जाते. प्रवाशांची गर्दी मोजून निर्णय घ्यायचा ठरवले असते, तर त्या खाडीवर पूल झालाच नसता.

आज त्याच भाईंदर स्थानकावर सकाळी लोकलच्या दारात पाय ठेवायला जागा नसते. २०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या आठ लाखांच्या पुढे गेली होती. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरच्या काशिमिऱ्याच्या नाक्यावरची वाहनांची रांग तर वेगळी सांगायला नको. तेव्हा ‘मार्ग आधी, माणसे मागाहून’ हे सिद्धच झाले, नाही का?

पण इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थोडे थांबावे. तो लोहमार्ग भाईंदरसाठी टाकलेला नव्हता. गुजरातचा कापूस मुंबई बंदरात आणणे हा त्याचा हेतू होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला होता आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला होता. म्हणजे वर्दळ नव्हती असे नाही. ती मार्गाच्या दोन टोकांना होती, मधल्या गावांत नव्हती.

आणखी एक गोष्ट. त्याच मार्गावर वाणगाव आहे, घोलवडही आहे. रूळ तेच, समुद्रकिनारा तोच. त्यांचे भाईंदर झाले नाही. भाईंदर वाढले ते मुंबईच्या सावलीत असल्यामुळे, १९३६ साली विजेवरची उपनगरी गाडी विरारपर्यंत पोहोचल्यामुळे आणि पुढे महानगरातल्या घरांच्या किमती सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेल्यामुळे. केवळ लोहमार्ग जवळून गेला म्हणून हे घडले असते, तर पश्चिम किनाऱ्यावर एव्हाना डझनभर भाईंदरे उभी राहिली असती. यशस्वी झालेले एक स्थानक दाखवायचे आणि उरलेली झाकून ठेवायची, ही पुराव्याची रीत नव्हे.

दुसरे आवडते उदाहरण बोरघाटाचे. १० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी घाटातला गाडीरस्ता खुला केला. त्यापूर्वी देश आणि कोकण यांच्यातला माल बैलांच्या पाठीवरून उतरत असे. १८२९ साली कुणी घाटात बसून गाड्या मोजल्या असत्या, तर आकडा शून्याच्या आसपास भरला असता. बैल मोजले असते तर तांडेच्या तांडे दिसले असते. वर्दळ होती, फक्त तिला चाके नव्हती. अडवलेली वर्दळ आणि मुळातच नसलेली वर्दळ यांतला हा फरक आजच्या चर्चेत फारच क्वचित केला जातो.

‘वर्दळ नाही तिथे मोठा रस्ता नको’ हे मतही जुनेच आहे. ॲडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात पथकराची बाजू घेताना हाच मुद्दा मांडला होता. रस्त्याचा खर्च त्यावरून जाणाऱ्या व्यापारातूनच निघायचा असेल, तर एखाद्या बड्या अधिकाऱ्याच्या वाड्याकडे जातो एवढ्याच कारणासाठी ओसाड मुलखातून भव्य रस्ता कुणी बांधणार नाही, असा त्याचा आशय होता. तर्क बिनतोड आहे. मात्र तो जसाच्या तसा स्वीकारला, तर मेळघाटात किंवा भामरागडला कधीच डांबर पोहोचणार नाही.

महाराष्ट्रातील कितीतरी रस्ते वाहनांच्या मोजणीतून जन्मलेले नाहीतच. ते दुष्काळातून जन्मले आहेत. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये मदतकामे म्हणून रस्ते काढले गेले. १९७२ मध्ये लाखो हातांनी खडी फोडली. त्यातूनच पुढे रोजगार हमी योजना आणि तिचा १९७७ चा कायदा उभा राहिला. तिथे हिशेब मजुरीचा होता, वर्दळीचा नव्हता.

मग मोजायचे तरी काय? या प्रश्नाचे सर्वांत नेमके उत्तर महाराष्ट्राच्याच भूमीवर दिले गेले. मुकुंदराव जयकरांच्या समितीने १९२८ साली अहवाल दिला आणि त्यानंतर पेट्रोलवरील करातून केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. डिसेंबर १९४३ मध्ये, महायुद्ध चालू असतानाच, मुख्य अभियंत्यांची परिषद नागपूरला भरली आणि तिथे देशाचा वीस वर्षांचा रस्तेविकास आराखडा ठरला : ‘नागपूर योजना’. राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि ग्रामीण अशी रस्त्यांची उतरंड तिने घालून दिली. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या फलकांवर ‘प्रजिमा’, ‘इजिमा’ अशी कोड्यात टाकणारी अक्षरे दिसतात, ती याच उतरंडीची वारस आहेत.

या योजनेचा एक निकष तर पाठ करून ठेवावा असा आहे. विकसित शेतीच्या प्रदेशातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये. रस्त्यावरून किती गाड्या जातात हे त्यात विचारलेले नाही. गावातून रस्त्यापर्यंत किती चालावे लागते, हे विचारले आहे. विरळ वस्तीच्या भागाला इतका न्याय देणारे दुसरे मोजमाप नंतरच्या काळात सापडणे अवघड.

ज्या नागपुरात हे ठरले, तिथूनच समृद्धी महामार्ग निघतो. लांबी ७०१ किलोमीटर, दहा जिल्हे, सहा मार्गिका. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला. ५ जून २०२५ रोजी शेवटचा, इगतपुरी ते आमणे. हा मार्ग बांधण्याच्या दृष्टीने अचाट आहे, यात वाद नाही. विदर्भातला माणूस ‘आमच्यासाठी कधी काही केलेत?’ असे १९५३ च्या नागपूर करारापासून विचारत आला आहे. त्याला या रस्त्याने एक ठोस उत्तर मिळाले, हेही मान्य करायला हवे.

पण नागपूर योजनेची फूटपट्टी त्याला लावून पाहा. हा प्रवेश-नियंत्रित मार्ग आहे. दोन्ही बाजूंनी बंदिस्त. त्यावर चढायचे तर इंटरचेंज गाठावे लागते, आणि दोन इंटरचेंजमध्ये सरासरी पंचवीस-तीस किलोमीटरचे अंतर पडते. ज्याच्या शेतातून मार्ग गेला, त्याला गाड्यांचा आवाज ऐकू येतो. त्याचा ट्रॅक्टर मात्र तिथे जाऊ शकत नाही. भाईंदरला निदान स्थानक तरी होते. महामार्गाच्या भिंतीला स्थानक नसते.

रिकाम्या रस्त्याची एक किंमत अशीही आहे जी अर्थसंकल्पात दिसत नाही. सरळ, एकसुरी, मोकळा मार्ग चालकाला गुंगी आणतो. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खासगी बसला आग लागून २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. त्या अपघाताचे कारण एकच होते असे म्हणता येणार नाही. परंतु त्यानंतर ‘रस्ता संमोहन’ हा शब्द मराठी वृत्तपत्रांत रुळला, हे खरे.

आणि पैसा? एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपन्यांना भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी होती. गाडी भरो वा रिकामी धावो, तूट इथला करदाता भरून काढी. दादाभाई आणि त्यांच्या पिढीच्या अर्थचिंतकांचा राग रुळांवर नव्हता, या हमीवर होता. पथकर पुरेसा जमला नाही तर समृद्धीच्या कर्जाचा भार कुणावर, हा प्रश्न त्याच जातीचा आहे. अनुदान द्यायला हरकत नाही. दुर्गम भागाला ते द्यावेच. फक्त त्याला अनुदान म्हणावे, ‘स्वतःच्या पायावर उभा राहणारा प्रकल्प’ म्हणू नये.

हे सारे आठवण्याचे कारण शक्तिपीठ महामार्ग. मूळ आराखड्यानुसार वर्धा जिल्ह्यातील पवनार ते गोव्याची सीमा, ८०२ किलोमीटर, बारा जिल्हे, खर्च सुमारे ८६ हजार कोटी. कोल्हापूरच्या शेतकऱ्यांनी आपल्या बागायती जमिनींसाठी त्याला कडाडून विरोध केला. गंमत अशी, की नागपूर-रत्नागिरी राष्ट्रीय महामार्ग यवतमाळ, नांदेड, लातूर, सोलापूर, सांगली, कोल्हापूर असाच जातो. इथे बोरघाटाची कसोटी सरळ लागू होते : त्या चालू महामार्गावर आज वाहने अडून राहिली आहेत काय? असतील, तर कुठल्या टप्प्यात? आणि वाटेवरच्या किती गावांचे ‘इजिमा’ अजून पावसाळ्यात बंद पडतात? हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवल्याखेरीज भूसंपादनाची एकही नोटीस निघू नये.