ब्रँच ठरवण्याआधी पहिल्या वर्षाची चौकशी करा

नीट पीजीचा निकाल लागला की कर्जत-खोपोलीतल्या डॉक्टर मुलांच्या घरी नातेवाइकांचे फोन सुरू होतात. 'कुठली ब्रँच मिळतेय?' रेडिओलॉजी म्हटलं की पेढे, अ‍ॅनाटॉमी म्हटलं की 'असू दे, पुढच्या वर्षी बघू.' ती ब्रँच कुठल्या रुग्णालयात करायची आणि तिथलं पहिलं वर्ष कसं जातं, हे मात्र कुणी विचारत नाही. माझं सांगणं एवढंच की आधी ते विचारा.

वाटा तशा मोजक्याच आहेत. एमडी-एमएस तीन वर्षांचं. डीएनबीही तीन वर्षांचं, एमडीच्या तोडीचं. ते कॉलेज नसलेल्या मोठ्या रुग्णालयातही होतं. काही विषयांत दोन वर्षांचा डिप्लोमा मिळतो. एम्ससारख्या संस्था सोडल्या तर दार एकच, नीट पीजी. सरकारी कॉलेजांतल्या निम्म्या जागा देशपातळीवर भरतात, निम्म्या राज्याच्या सीईटी सेलमार्फत. २०२३ मध्ये रिकाम्या जागा भरायला पात्रतेचा पर्सेंटाइल थेट शून्यावर आणला गेला. म्हणजे जागा मिळेल. ती घ्यावी का, हा खरा प्रश्न. मॅनेजमेंट कोट्याचा प्रवेशही काउन्सेलिंगमधूनच होतो, तेव्हा 'सीट करून देतो' म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला सगळे 'जेआर वन' म्हणतात. मेडिसिन-सर्जरीच्या वॉर्डात त्याचा दिवस सहाच्या आत सुरू होतो: रक्ताचे नमुने काढायचे, बाटल्यांवर नावं लिहायची, लॅबचे फॉर्म भरायचे, कालचे रिपोर्ट शोधायचे, ड्रेसिंग उरकायचं. राउंडला सर विचारणार, 'बेड नंबर बाराचं क्रिएटिनिन किती?' आणि ते तोंडपाठ हवं. सलग बारा तास आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा केंद्राने १९९२ मध्येच घातली. २०२३ च्या नियमांत आठवड्याची एक सुट्टी आणि वर्षाला किमान २० किरकोळ रजा आहेत. कागदावर सगळं आहे. इमर्जन्सीच्या दिवशी मात्र चोवीस तास उलटून जातात आणि कुणी घड्याळ बघत नाही. म्हणून आईबाबांनो, 'फोन का उचलत नाहीस?' म्हणून रागावू नका. आणि 'लोकलने रोज अपडाउन करेन' हे तर विसराच. कर्जतहून सीएसएमटी दोन तास, त्यात खोपोलीच्या गाड्या मोजक्या. हॉस्टेल घ्याच.

कॉलेज बघायला गेलात तर तिसऱ्या वर्षाच्या सीनियरला नाही, जेआर वनलाच गाठा. सीनियरला पहिलं वर्ष विसरायला झालेलं असतं. रात्री पेशंट बिघडला तर लेक्चरर प्रत्यक्ष येतात की फोनवर सांगतात? स्टायपेंड वेळेवर खात्यात पडतो का? गेल्या वर्षी कुणी सीट सोडली का, आणि का? सीट सोडण्याचा दंड आणि बाँडची रक्कम मोठी असते. सही करण्याआधी वाचा.

ड्रॉप घेणाऱ्यांसाठी आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण देतो. डॉ. हिंमतराव बावस्कर आधी महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, विंचूदंशाचे पेशंट बघत. मग पुण्यात एमडी केलं, महाडला परतले आणि प्राझोसिनच्या उपचाराने नाव केलं. नुसतं क्लासच्या खोलीत वर्ष घालवण्यापेक्षा कशेळ्यासारख्या ग्रामीण रुग्णालयात मेडिकल ऑफिसर म्हणून काम करत अभ्यास केला, तर पहिल्या वर्षाची अर्धी भीती तिथेच जाते. पावसाळ्यात वाडीवरून सर्पदंशाचा पेशंट आला की काय करायचं, हे एमसीक्यू सोडवून हातात बसत नाही.

जिल्हा निवासी कार्यक्रमामुळे आता पीजीच्या विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावेच लागतात. तिथे मन रमलं तर भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ किंवा फॅमिली मेडिसिनचा डॉक्टर होऊन इकडे परत या. माझ्या मते कर्जत-खालापूरला आणखी एका स्किन क्लिनिकपेक्षा या तिघांची जास्त गरज आहे.

पसंतीक्रम लॉक करण्याआधी त्याच वर्षाची माहितीपुस्तिका वाचा. मागच्या वर्षीची, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी नको. अटी बदलत असतात.