दारूगोळ्याची कंपनी आणि कामगारांचे प्रश्न

जबलपूर-इटारसीच्या मराठी कुटुंबांना ऑर्डनन्स फॅक्टरी नवी नाही. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. दारूगोळ्याचे १२ कारखाने पुण्याच्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आले. त्यांत १८६९ पासूनची खडकी, वरणगाव, भंडारा आणि आपल्याकडचे खमरिया व इटारसीही आहेत.

कंपनी झाल्यावर परदेशातून मागणी येऊ लागली, ही चांगलीच गोष्ट. पण कामगारांचे काय? त्यांना आधी दोन वर्षांसाठी प्रतिनियुक्तीवर मानले गेले, मग मुदतवाढ मिळत गेली. पुढे सरकारी नोकर राहायचे की कंपनीचे, हा प्रश्न टांगणीलाच राहिला.

त्याहून मोठा प्रश्न जिवाचा. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या कारखान्यात स्फोट होऊन किमान आठ कामगार गेले. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये खमरियातही स्फोटात कामगारांचे बळी गेले होते.

मागणी वाढली की उत्पादनाची घाई वाढते, आणि स्फोटकांच्या कामात घाई परवडत नाही. म्हणून आम्हांला वाटते, कंपनीच्या वार्षिक हिशेबात निर्यातीच्या आकड्यांशेजारी अपघातांचे आकडे आणि चौकशीचे निष्कर्षही छापले जावेत. सकाळी कामावर गेलेला माणूस संध्याकाळी सुखरूप घरी यावा, एवढेच त्या घरांचे मागणे आहे.